पांढरा कापूस, काळी माती आणि ऑटोचा राखाडी

“ऑटोवर ठेव ना भाऊ, कायले डोकं खपवतं?” अमरावती-अकोल्यात कुणी नवा कॅमेरा गळ्यात अडकवून दिवस कलताना बाहेर पडला, की हा सल्ला त्याला हमखास मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण अलीकडे या सल्ल्याचं एक ठाम मत होऊन बसलं आहे. फोनचा नाइट मोड अंधारातही लख्ख फोटो देतो, कॅमेऱ्यातलं मीटर माणसाच्या डोळ्यापेक्षा हुशार आहे, तेव्हा शटर, अॅपर्चर आणि आयएसओ हातानं लावायला शिकणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं फोटो काढणारेच आता एकमेकांना सांगतात. हे मत चुकीचं आहे आणि वऱ्हाडासारख्या मुलखात तर त्यानं मोठं नुकसान होतं. ते कसं, हे शेतातूनच सुरू केलेलं बरं.

नोव्हेंबरातली संध्याकाळ, अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यातलं कपाशीचं शेत. सूर्य नुकताच बुडालेला. वेचणीच्या बायांनी कमरेच्या ओट्या मोकळ्या केल्या आहेत, धुऱ्यावर गाठोडी एकावर एक रचली आहेत आणि कापसाचा एक ढीग अजून उघडाच पडला आहे. वजनकाट्याजवळ कुणीतरी वहीत किलो लिहून घेतं आहे. आभाळ विझत चाललं आहे, माती काळी झाली आहे, आणि कापूस मात्र आतून उजळल्यासारखा पांढराशुभ्र दिसतो आहे. तो ढीग फ्रेमभर घेऊन ऑटोवर बटण दाबलं, की पडद्यावर येतो ओल्या सिमेंटच्या रंगाचा ढिगारा. ज्या पांढऱ्या रंगावर वऱ्हाडातले बाजार आणि जिनिंग उभे राहिले, तोच फोटोतून गेलेला असतो.

यात कॅमेऱ्याचा बिघाड नाही. वस्तूवरून परतून आलेला उजेड मीटर मोजतं. समोर कापूस आहे की कोळसा, हे त्याला कळत नाही. म्हणून जगाचा सरासरी रंग मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत येतो, असं धरून ते हिशेब करतं. कापूस याच्या चौपट तरी उजेड परतवतो. मीटरला वाटतं उजेड फार झाला. ते शटर लवकर मिटवतं आणि पांढऱ्याचा राखाडी होतो. आता तोच कॅमेरा मृगाच्या पहिल्या पावसानंतर वखरलेल्या वावराकडे वळवा. ओली काळी माती फारच थोडा उजेड परत देते. मीटरला वाटतं उजेड कमी पडला. ते शटर जास्त वेळ उघडं ठेवतं आणि काळीभोर जमीन धुळकट करडी होऊन बसते. नव्या कॅमेऱ्यांचं मीटर चौकटीचे अनेक तुकडे करून हिशेब लावतं. निकॉननं १९८३ साली एफए या कॅमेऱ्यात ही पद्धत आणली आणि पुढे सगळ्यांनीच ती सुधारत नेली. त्यामुळे चूक कमी झाली हे खरं. पण फ्रेममध्ये नुसता कापूस किंवा नुसती माती असली, की आजही जवळपास तेच घडतं. वऱ्हाडाचे दोन मूळ रंग, आणि ऑटोला दोन्ही नीट सांगता येत नाहीत.

यावर उत्तर तयार असतं: कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं बटण आहे ना, ते फिरवा. बरोबर. पण किती फिरवायचं? कापसासाठी दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वर, काळ्या मातीसाठी एक-दीड खाली, हे ज्याला कळलं तो मॅन्युअल शिकलाच आहे; फक्त त्यानं डायल तिकडे नेलेली नाही. आणि ज्या हिरव्या ऑटोवर सगळं सोडायला सांगतात, त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांवर हे बटण चालतच नाही.

भर दुपारी असली चूक खपून जाते. फोटो गडद आला, तर मोबाइलवर थोडा उजळून घेता येतो. दिवेलागणीला ती सोय संपते. उजेडच कमी, त्यात मीटरनं तो आणखी दोन स्टॉप कापलेला. असा फोटो नंतर उजळायला गेलं, की सावलीत रंगीत दाणे उठतात, बायांच्या लुगड्यांचे रंग फाटतात, चेहरे मेणचट होतात. इथं एक गैरसमज दूर करायला हवा. दाणे आयएसओ वाढवल्यानं येतात, म्हणून आयएसओ शंभरावरच ठेवा, असं नव्या मुलांना सर्रास सांगितलं जातं. दाण्यांचं खरं कारण म्हणजे सेन्सरवर पडलेला उजेडच तुटपुंजा असतो. आयएसओ शंभर ठेवून अंधारा फोटो काढायचा आणि मग उजळायचा, यापेक्षा आयएसओ १६०० वर पुरेसा उजळ फोटो काढला तर तो बहुतेक वेळा स्वच्छच येतो. आधी शटर आणि अॅपर्चरनं जेवढा उजेड आत घेता येईल तेवढा घ्यायचा, उरलेलं आयएसओवर सोपवायचं. एवढा एक क्रम डोक्यात बसला, तरी निम्मे फोटो सुधारतात.

मीटर डोळ्यापेक्षा हुशार असल्याचा दावा अंधारात तर टिकतच नाही. उजेड मोजायचं फोटोग्राफरांचं एक माप आहे, ईव्ही. आयएसओ १०० वर एफ/१ आणि एक सेकंद जिथं पुरतं, तिथं शून्य ईव्ही. हौशी माणसाच्या हातात असतात त्या साध्या डीएसएलआरच्या माहितीपत्रकात मीटरची खालची मर्यादा ० किंवा १ ईव्ही अशी छापलेली असते. पौर्णिमेच्या चांदण्यात न्हालेलं शिवार असतं उणे दोन-तीन ईव्हीच्या घरात. म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनंच जिथून पुढे जबाबदारी घेतलेली नाही, तिथं त्या मीटरवर डोळे मिटून विसंबायचं, असा हा सल्ला आहे.

आता फोनकडे वळू, कारण ऑटोवाल्यांचा सगळा भर त्यावर आहे. आणि फोनला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात गूगलनं पिक्सेल फोनमध्ये ‘नाइट साइट’ आणलं, पुढल्या वर्षी आयफोन ११ मध्ये नाइट मोड आला, आणि हातात धरलेल्या फोननं अंधारात फोटो निघू लागले. ही मोठी कामगिरी आहे. फोन एकाऐवजी भराभर अनेक फोटो काढतो, हात हलल्यानं सरकलेले ते फोटो एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची बेरीज करून दाणे घटवतो. घराचं अंगण, उभं देऊळ, शांत बसलेली आजी, यांचे फोटो त्यानं खरोखर उत्तम येतात.

पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची आदली रात्र घ्या. अकोल्याचं ग्रामदैवत राजराजेश्वर. त्याच्या जलाभिषेकासाठी गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरून हजारो शिवभक्त रात्रभर चालत शहरात येतात. खांद्यावर कावडी, भरण्यांच्या रांगा, अनवाणी पाय, मधूनच पावसाची सर. रस्त्याचा एक तुकडा दिव्यांनी उजळलेला, पुढचा मिट्ट काळोखाचा. या रात्री काहीच स्थिर नसतं. फोनला हवी असते स्थिर दृश्याची एक-दोन सेकंदं, आणि समोर माणसं तालात पावलं टाकत येत असतात. त्याची बेरीज जमत नाही. कावडीचा बांबू दोन ठिकाणी दिसतो, पाय विरघळतात; किंवा फोन बेरीज सोडून देऊन एकाच फोटोवर थांबतो आणि मग चेहऱ्यांवरचा घाम पुसला जाऊन प्लास्टिकची कातडी उरते.

त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. नाइट मोडला रात्र काळी ठेवायची नसते, तो ती उजळतो. काळोखातून पुढे येणारा कावडधारी, त्याच्या पाठीमागे काहीच न दिसणं, हे त्या रात्रीचं सत्य आहे. फोन मागची भिंत, तिच्यावरची जाहिरात, विजेच्या तारा, सगळं उकरून समोर आणतो. ही अडचण फोन बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती. ‘नाइट साइट’ घडवणाऱ्या मार्क लेव्हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्येच लिहून ठेवलं आहे, की फोटो इतका उजळला तर तो दिवसाचा वाटू लागतो. म्हणून जुने चित्रकार रात्र कशी रंगवत, कुठं सावली पूर्ण काळी सोडत, हे बघून त्यांनी आपल्या पद्धतीत काळोखाची भर घातली. रात्र रात्रीसारखी दिसायला हवी, हे त्या तंत्रज्ञांनी कबूल केलं. मग किती काळोख ठेवायचा, हे कावडीच्या रात्री अकोल्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसानं ठरवावं, की दूर कुठंतरी आधीच लिहून ठेवलेल्या हिशेबानं?

मॅन्युअलवर तो माणूस काय करतो? उजेडाच्या चौकात एकदा चेहऱ्यावर हिशेब बसवतो: अॅपर्चर एफ/३.५, शटर १/६०, आयएसओ ३२००. एवढ्यावर चालणारा माणूस बऱ्यापैकी थांबतो, चेहरा उमटतो, मागचा काळोख काळाच राहतो. मग हे आकडे तो हलवत नाही. ऑटोवर मात्र प्रत्येक फ्रेमला नवा हिशेब होतो. फ्रेममध्ये एखादा झगझगीत एलईडी आला की सगळी माणसं काळवंडतात, तो बाहेर गेला की सगळी फिकट. आणि कधी त्याला वाटतं, माणूस थांबायला नकोच, चाल दिसायला हवी. तो शटर १/८ वर आणतो, एक कावडधारी निवडतो आणि त्याच्या वेगानं कॅमेरा फिरवत बटण दाबतो. दहातले आठ फोटो वाया जातात. उरलेल्या दोनांत चेहरा टिकलेला असतो आणि बाकी रस्ता रेघांमध्ये वाहत असतो. थांबवायचं की वाहू द्यायचं, हा निर्णय कोणतंही मीटर घेऊ शकत नाही. त्याला त्या रात्रीत काय महत्त्वाचं आहे ते माहीतच नसतं.

ऑटोच्या उलट टोकाला आणखी एक मंडळी आहे, तीही तेवढंच नुकसान करते. हे लोक मॅन्युअल शिकवतात, पण आकड्यांच्या पाककृती वाटून. ‘संध्याकाळ: एफ/८, १/३०, आयएसओ ४००. रात्र: एफ/२.८, २० सेकंद, आयएसओ ३२००.’ मुलं ते पाठ करतात, चिखलदऱ्याला जातात, फोटो बिघडतो, आणि मग तीच म्हणतात की मॅन्युअलपेक्षा ऑटो बरं. कारण असल्या पाककृती बहुतेक परदेशी धड्यांतून उचललेल्या असतात आणि तिथली संध्याकाळ वेगळी असते. निरभ्र आभाळ असेल तर सूर्यास्ताच्या घडीला जमिनीवर साधारण ४०० लक्स उजेड असतो. सूर्य क्षितिजाच्या सहा अंश खाली पोचतो तेव्हा तो तीन-साडेतीन लक्सवर येतो. लंडनला या उतरणीला मार्चमध्ये ३३ मिनिटं लागतात, जूनमध्ये पाऊण तासाहून जास्त. अमरावती-अकोला २१ अंश अक्षांशाच्या आसपास. इथं सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि तेवढीच उतरण बावीस ते पंचवीस मिनिटांत संपते. हिशेब करून पाहा: चारशेचे साडेतीन व्हायला उजेड सात वेळा निम्मा व्हावा लागतो. म्हणजे वऱ्हाडात दिवस बुडाला, की दर तीनेक मिनिटांनी एक स्टॉप उजेड जातो.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याच्या तटावर उभं राहून हे प्रत्यक्ष पाहता येतं. चिखलदरा १,११८ मीटर उंचावर, खाली दऱ्या, पश्चिमेला सातपुड्याच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा. ट्रायपॉडवर कॅमेरा, एफ/८, आयएसओ १००. सूर्यास्ताला १/१५ नं फोटो बरोबर आला, तर तीन मिनिटांनी १/८ लागतो, सहा मिनिटांनी १/४, नऊ मिनिटांनी अर्धा सेकंद, आणि बाविसाव्या मिनिटाला, दरी निळी-जांभळी होऊन चुलींचे दिवे टिपक्यांसारखे उमटतात तेव्हा, आठ-दहा सेकंद. यातला एकही आकडा पाठ करण्यासारखा नाही. ढग आले की बदलेल, धुकं आलं की बदलेल. शिकायचं असतं ते निम्मं-दुप्पट. हाताशी घड्याळ आणि हा पाढा असला, की फोटोग्राफर उतरणाऱ्या उजेडाच्या एक पाऊल पुढे राहतो. (सोबतचे पर्यटक याच वेळी फ्लॅश उडवतात. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश आयएसओ १०० वर तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही. दरी त्यानं उजळत नाही, समोरचा कठडा तेवढा पांढरा पडतो.)

राहिला पैशाचा मुद्दा. ‘अंधारातले फोटो म्हणजे लाखांच्या लेन्सचं काम, सेटिंग शिकून काय होणार?’ हे वाक्य गरीब घरातल्या मुलांना सगळ्यात जास्त ऐकवलं जातं, म्हणून त्याचा प्रतिवाद नीट करायला हवा.

मेळघाट हा १९७३-७४ साली देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. बुद्धपौर्णिमेच्या रात्री तिथल्या पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर वन विभागाच्या निसर्गानुभवासाठी लोक बसतात. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, बोलणंही नाही. समोर चांदण्यात पाणी चकाकतं आणि मध्यरात्रीनंतर सांबर येतं. समजा हातात ३०० मिलिमीटरची एफ/५.६ ची साधी टेलिलेन्स आहे आणि आयएसओ ६४०० पर्यंत चढवला. उणे तीन ईव्हीच्या चांदण्याला शटर लागेल सुमारे चार सेकंद. चार सेकंदांत सांबर मान वर करतं, कान हलवतं, एक पाऊल पुढे टाकतं. फोटो येणार नाही. आता दहा लाखांच्या पुढची एफ/२.८ ची लेन्स लावा. दोन स्टॉप मिळाले. चार सेकंदांचा एक सेकंद झाला. तरीही सांबर हललंच! पैसे घालूनही हा फोटो सहजी मिळत नाही, हे मॅन्युअलचा हिशेब मनातल्या मनात आधीच सांगतो. मग समजूतदार माणूस लांब लेन्स उतरवतो, कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स लावतो, अॅपर्चर एफ/४ च्या आसपास, आयएसओ ८००, पंधरा सेकंद, आणि चांदण्यातलं सालईचं झाड, पाणवठा आणि वरचं आभाळ असा फोटो घेतो. नाहीतर कॅमेरा बाजूला ठेवून सांबर डोळ्यांनी बघतो. ऑटोवर बसलेला शेजारी मात्र रात्रभर बटण दाबत राहतो, त्याची लेन्स फोकस शोधत मागेपुढे घरघरत राहते आणि सकाळी त्याच्याकडे काळ्या-करड्या धुरकट फ्रेमा असतात. लेन्स कुणाची महाग होती, यानं तिथं काही ठरलं नाही.

किट लेन्सबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. १८-५५ ची लेन्स १८ वर एफ/३.५ उघडते, पण झूम करून ५५ वर नेली की एफ/५.६ वर येते. म्हणजे नुसत्या झूमनं सव्वा स्टॉपहून जास्त उजेड हातचा जातो. अंधार पडला की झूम सोडायचा आणि पायांनी पुढे जायचं, याला एक पैसा लागत नाही. ट्रायपॉड नसेल, तर सरकीनं भरलेली कापडी पिशवी बैलगाडीच्या साटीवर, धुऱ्याच्या दगडावर किंवा गाडीच्या दारावर ठेवा. कॅमेरा तिच्यात रुतून बसतो. बटण बोटानं न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा.

मेळघाटातला दुसरा दाखला पाखराचा, आणि तो केवळ सुंदर फोटोपुरता नाही. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कुणी खात्रीनं पाहिलेलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच अनेकांनी धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना ते नंदुरबारकडे शहाद्याच्या जंगलात पुन्हा सापडलं, आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. त्याला सर्वत्र दिसणाऱ्या साध्या पिंगळ्यापासून वेगळं ओळखायची एक महत्त्वाची खूण म्हणजे डोकं: पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. आता पहाटेची सागाची निष्पर्ण फांदी, मागे फटफटणारं आभाळ आणि समोर मुठीएवढं पाखरू. ऑटो मागचं आभाळ मोजतो आणि पाखरू काळी आकृती होतं. उजळायला गेलं तर दाणे आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. माथा कोरा होता की ठिपक्यांचा, हे कुणीच सांगू शकत नाही. दीड-पावणेदोन स्टॉप वर घेऊन, आभाळ जळू देऊन काढलेला फोटो दिसायला कदाचित ओबडधोबड असेल, पण तो पुरावा ठरतो. ज्या जिल्ह्यात असं पाखरू राहतं, तिथल्या पोरांना ऑटोवर समाधान मानायला शिकवणं बरं नव्हे.

रंगाचीही तीच कथा. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा ऐन थंडीत भरते. रात्री राहुट्यांपुढे चुली पेटतात, हंड्या चढतात, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात. जाळाचा उजेड केशरी, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स तो केशरी रंग दोष समजून कमी करू पाहतो. व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर पक्का ठेवला, की आर आरासारखा दिसतो. होळीच्या दिवसांत मेळघाटातल्या कोरकू गावांत फोटो काढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

मॅन्युअलच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मानायला हवी. मॅन्युअल हा काही धर्म नाही. बातमीसाठी धावणारा छायाचित्रकार दिवसा अॅपर्चर-प्रायॉरिटी वापरतो आणि ते योग्यच आहे. शटर-अॅपर्चर हातानं लावून आयएसओ तेवढा ऑटोवर सोडणं, ही तर बदलत्या उजेडातली शहाणी तडजोड आहे. वाघांच्या गणनेसाठी मेळघाटात बसवलेले कॅमेरा ट्रॅपही आपोआपच चालतात. पण तो ट्रॅप कोणत्या वाटेवर, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या कोनात बांधायचा, हे जंगल जाणणारा माणूसच ठरवतो. यंत्रावर काय सोपवायचं हे ठरवायला, ते काम आपल्याला स्वतः करता यावं लागतं. आणि ताडोबासारख्या प्रकल्पात सफारीच्या गाडीत मोबाइल नेऊ देत नाहीत. तिथं फोनच्या भरवशावर राहिलेल्याच्या हातात काहीच उरत नाही.

आधीच्या पिढीला हा वाद कळलाही नसता. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिलेल्या पेंटॅक्स के१००० सारख्या कॅमेऱ्यावर सगळं हातानंच लावावं लागे. एका रोलवर छत्तीस फोटो, प्रत्येकाचा धुलाई-छपाईचा खर्च वेगळा. चुकलेली फ्रेम पैशात दिसायची. आज चूक फुकट आहे, पडद्यावर लगेच दिसते, पुसता येते. शिकायला इतका सोपा काळ कधीच नव्हता, आणि नेमक्या याच काळात शिकू नका म्हणून सांगितलं जात आहे.

हे शिकलेलं आयत्या वेळी कसं कामाला येतं, याचा एक जगप्रसिद्ध दाखला आहे. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ या खेड्याजवळून जाताना अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांना उगवता चंद्र आणि मावळत्या उन्हात चकाकणारे कबरस्तानातले पांढरे क्रूस दिसले. गाडी थांबवून त्यांनी मोठा कॅमेरा मांडला, पण उजेडमापक सापडेना आणि ऊन तर चाललेलं. त्यांना चंद्राची तेजस्विता पाठ होती. त्यावरून त्यांनी मनात हिशेब केला, एफ/३२ आणि एक सेकंद लावलं आणि फोटो घेतला. दुसऱ्या फिल्मची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. तो एकच फोटो राहिला.

चंद्राचा तो हिशेब वऱ्हाडातल्या कोणत्याही गच्चीवर करता येतो. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड, म्हणून त्याला उन्हाचीच सेटिंग लागते. कोजागिरीच्या रात्री भुलाबाईची गाणी आटोपली, दूध आटत ठेवलं, की कॅमेरा सरकीच्या पिशवीवर ठेवा. आधी चंद्र: एफ/११, १/१००, आयएसओ १००. त्यावरचे डाग स्पष्ट दिसतील. मग अंगणातले दिवे मालवा आणि चांदण्यातली माणसं घ्या: एफ/४, पंधरा सेकंद, आयएसओ ८००, आणि मुलांना तेवढा वेळ हलू नका म्हणावं. या दोन फोटोंत सोळा-सतरा स्टॉपचं अंतर आहे. बाजारातला कोणताही कॅमेरा ते एका फोटोत पकडत नाही. यंदाच्या कोजागिरीला हे दोन्ही फोटो स्वतः काढा आणि तिसरा ऑटोवर काढून त्यांच्या शेजारी ठेवा.